दारू सोडताना आधारगट: आधी माणूस गाठा, मग पत्ता

दारू सोडायची ठरवलेल्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक चिठ्ठी पडते. डॉक्टर, समुपदेशक किंवा एखादा नातेवाईक आधारगटाच्या सभेचा पत्ता आणि वेळ लिहून देतो, "एकदा जाऊन या" म्हणतो. चिठ्ठी खिशात जाते, शर्ट धुवायला जातो आणि विषय तिथेच मिटतो. मग सगळे म्हणतात, याला सोडायचीच नव्हती.

१९८१ साली सिसन आणि मॅलम्स या दोन संशोधकांनी वीस जणांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा जणांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (नाव न सांगता एकत्र येऊन दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) याच्या सभांची माहिती, पत्ता, वेळ दिली आणि जायला सांगितलं. बाकीच्या दहा जणांच्या बाबतीत समुपदेशकाने तिथल्या तिथे गटातल्या एका सदस्याला फोन लावला आणि दोघांचं बोलणं करून दिलं. सदस्याने सोबत नेण्याची तयारी दाखवली, सभेआधी आठवणीचा फोनही केला. हे दुसरे दहाच्या दहा जण सभेला गेले. पहिल्या दहांतला एकही गेला नाही.

वीस माणसं म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे. पण फरक एका फोनचा होता, आणि गट शोधताना, निवडताना, टिकवताना जे जे अडतं ते शेवटी याच ठिकाणी येऊन अडतं. म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारत राहा: इथे मी कुणाला ओळखतो?

आधी शरीराचं बघा

रोज भरपूर पिणाऱ्याने एका सकाळी निश्चय करून दारू एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आणि सभेत बसून हा धोका टळत नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हातांची थरथर, घाम, मळमळ, धडधड, झोप न लागणं सुरू होतं. फिट यायची असेल तर ती बहुधा ६ ते ४८ तासांच्या दरम्यान येते. ४८ ते ९६ तासांच्या टप्प्यात काही जणांना भ्रम होतो: नसलेली माणसं आणि किडे दिसतात, वेळ-जागेचं भान सुटतं, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात जीव जाऊ शकतो.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि एक पेला घेतला की थांबतात, असं होत असेल तर पहिला फोन डॉक्टरला करा. आधी कधी फिट आली असेल, दारू सोडताना भ्रम झाला असेल, यकृताचा आजार असेल किंवा झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तरी तेच. डॉक्टरला खरा आकडा सांगा. "थोडीफार घेतो" यावरून औषधाची मात्रा ठरवता येत नाही. रोज किती, किती वर्षं आणि शेवटची कधी, यावरून ठरते. शरीर दारूतून बाहेर काढण्याचा हा टप्पा बहुतेकांचा ५ ते ७ दिवसांत उरकतो. त्यात डॉक्टर बेंझोडायझेपिन वर्गातली, मेंदू शांत करणारी औषधं उतरत्या मात्रेत देतात, सोबत ब-१ जीवनसत्त्व देतात. ब-१ ला किरकोळ टॉनिक समजू नका. त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हे चालू असतानाच गटाचा शोध सुरू करा. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बघू म्हणणाऱ्याचे पहिले दोन आठवडे रिकामे जातात, आणि तलफ नेमकी तेव्हाच जोरात असते.

कोणते गट असतात

सर्वांत पसरलेला गट अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, बोलीत एए. त्याची सुरुवातही एका फोननेच झाली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलं होतं आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. बोलायला दुसरा दारुडा हवा म्हणून त्याने अनोळखी लोकांना फोन लावायला सुरुवात केली आणि त्यातून त्याची गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. डॉ. बॉबनी शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, एएचा स्थापनादिन मानला जातो.

एएमध्ये यायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. वर्गणी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. सभेत डबा किंवा पिशवी फिरते, त्यात टाकायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं; पहिल्या सभेला तर टाकू नका असंच बहुतेक गट सांगतात. कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे. त्यात "परमेश्वर" हा शब्द येतो आणि अनेकांचं घोडं तिथेच अडतं. मूळ मजकुरात त्याला "जसा आम्हाला उमगला तसा" अशी पुस्ती जोडलेली आहे. न मानणारे बरेच सदस्य त्या जागी गटालाच धरतात: जे मला एकट्याला जमलं नाही ते या खोलीतल्या लोकांना जमलंय, एवढं मान्य असलं की चालतं. नास्तिक आणि अज्ञेयवादी सदस्यांचे वेगळे एए गटही आहेत.

तरीही ते पचत नसेल तर इतर वाटा आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून सुरू आहे आणि वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्याच्या, तंत्रांवर चालते. सभा प्रशिक्षित संचालक घेतो आणि लोक एकमेकांशी थेट बोलतात. कागदावर चार रकाने आखून पिण्याचे फायदे-तोटे आणि सोडण्याचे फायदे-तोटे लिहून काढण्यासारखी कामं असतात. लाईफरिंगच्या सभेत देवाधर्माचा विषय नसतो, "तुमचा आठवडा कसा गेला?" या प्रश्नावर सगळी सभा फिरते. विमेन फॉर सोब्रायटी ही १९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी सुरू केलेली, फक्त स्त्रियांसाठीची संस्था. जपानमधल्या दानशुकाईत निनावीपणा नसतो आणि जोडीदारही सभेला शेजारी बसतो. युरोपात व्लादिमिर हुडोलिन यांनी १९६४ मध्ये झाग्रेबला सुरू केलेल्या क्लबांतही कुटुंब बरोबर येतं.

यातलं चांगलं कोणतं? एएबद्दल २०२० मध्ये कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि माणसाला एएशी जोडून देणारे उपचार हे वर्तनोपचारासारख्या पद्धतींपेक्षा सरस ठरले. पण "जोडून देणारे" हा शब्द नजरेआड करू नका. आणि आमचं मत विचाराल तर जवळचा, आठवड्यातून किमान तीन सभा होणारा आणि तुमच्या भाषेत चालणारा गट हा तत्त्वज्ञान पटलेल्या पण लांबच्या गटापेक्षा पहिल्या तीन महिन्यांत जास्त उपयोगी पडतो. तत्त्वज्ञानावर नंतर भांडायला भरपूर वेळ मिळतो.

फोन

संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर सभांची यादी असते. एएचं मीटिंग गाईड नावाचं मोफत ॲपही आहे. यादीत वार, वेळ, जागा, भाषा आणि सभेचा प्रकार दिलेला असतो. "खुली" सभा म्हणजे कुणीही बसू शकतं: घरचे लोक, विद्यार्थी, नुसते चौकशीला आलेले. "बंद" सभा फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी. आपली दारू हाताबाहेर गेलीय का याबद्दलच अजून गोंधळ असेल, किंवा सोबत कुणाला न्यायचं असेल, तर खुली निवडा. "नवागतांसाठी" असं लिहिलेलं असेल तर त्याहून उत्तम. "स्टेप मीटिंग" (बारा पायऱ्यांवरची सभा) किंवा पुस्तकवाचनाची सभा पहिल्याच दिवशी जरा कोरडी वाटते.

इंटरनेटवर शोधताना एक खड्डा असतो. सर्वांत वर येणारे "चोवीस तास मदत" वाले क्रमांक बरेचदा खासगी उपचारकेंद्रांच्या जाहिराती असतात. ओळखायची खूण सोपी आहे. पलीकडचा माणूस विमा आहे का, खर्च कोण करणार, दाखल कधी होता, रुग्णाला न्यायला गाडी पाठवू का असं विचारू लागला, की तो आधारगट नव्हे. आधारगट दाखल करून घेत नाही आणि पैसे घेत नाही.

यादी मिळाली तरी तिच्यावर विसंबून थेट जाऊ नका. सभा स्वयंसेवक चालवतात. जागा बदलते, सुट्टीच्या दिवशी दार बंद असतं, आणि यादी दुरुस्त करायची कुणाच्या तरी लक्षात राहत नाही. मोठ्या धीराने आलेला माणूस कुलूप बघून परतला, की दुसऱ्यांदा येईलच याची खात्री नसते. म्हणून आधी फोन. काय बोलायचं सुचत नाही हीच अडचण असते, तर इतकंच बोला:

"नमस्कार. मला दारू सोडायची आहे. मी आजवर सभेला आलेलो नाही. गुरुवारची सभा होणार आहे का, आणि मी आलो तर तिथे मला भेटेल असं कुणी आहे का?"

दुसऱ्या वाक्यावरच समोरच्याचा आवाज बदलतो. नाव विचारलं तर फक्त पहिलं नाव सांगा; खोटं सांगितलं तरी कुणाची हरकत नसते. चार गोष्टी लिहून घ्या: आत शिरायचं दार कोणतं आणि खोली कुठल्या मजल्यावर, बाहेर पाटी असते का (बहुधा छोटीशी असते, कधी नुसतीच आद्याक्षरं), भेटणाऱ्या माणसाचं नाव, आणि त्याचा नंबर. चौथी गोष्ट सर्वांत मोलाची. कुणी उचललं नाही तर निरोप ठेवा आणि दुसरा क्रमांक लावा. एकाच क्रमांकावर दिवस घालवू नका. फोन स्वतःला अजिबातच जमत नसेल तर डॉक्टरला किंवा समुपदेशकाला "आत्ता माझ्यासमोर लावता का?" असं विचारा. त्या वीस जणांच्या अभ्यासात नेमकं हेच केलं होतं.

जाण्याच्या दिवशी

सभेची वेळ शक्यतो अशी निवडा, जी तुमची पिण्याची वेळ होती. रोज संध्याकाळी सात वाजता बाटली उघडत असाल तर सातची सभा एकाच वेळी दोन कामं करते. जायचा रस्ता आधी ठरवा आणि नेहमीचं दुकान किंवा बार वाटेत येत असेल तर लांबचा घ्या. पोटात काहीतरी असू द्या. एएत भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांवर नजर ठेवायला सांगतात, कारण तलफेला हे चारही चांगले मानवतात, आणि त्यातली भूक ही सर्वांत स्वस्तात मिटणारी.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलेला माणूस सगळ्यांच्या नजरा झेलत आत येतो, आणि लाजेपोटी दारातूनच परतणारे बहुतेक असेच. लवकर पोचलात की कुणीतरी खुर्च्या मांडत असतं. दोन खुर्च्या उचलून लावा. हाताला काम मिळतं, नजर चुकवायला कारण मिळतं आणि ओळख आपोआप होते.

त्या दिवशी प्यायलेले असाल तरी बहुतेक गट आत बसू देतात. फक्त बोलू नका, ऐका, असं सांगतात. सभा उधळण्याइतकी चढलेली असेल तर मात्र कुणीतरी बाहेर घेऊन बसेल. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

आत काय होतं

सभा एक ते दीड तासाची असते. संचालक सुरुवात करतो, ठरलेला मजकूर वाचतो: हा गट काय आहे, काय नाही. मग कुणी पायऱ्या वाचतं. "आज कुणी पहिल्यांदा आलंय का?" असं विचारतात. हात वर केलाच पाहिजे असं नाही. केलात तर नंतर लोक स्वतःहून बोलायला येतात, एवढा त्याचा फायदा.

त्यानंतर शेअरिंग. एकेक जण तीन ते पाच मिनिटं बोलतो. काही ठिकाणी घड्याळ लावलेलं असतं. सुरुवात ठरलेली: "माझं नाव अमुक, मी मद्यपी." यावर सगळे नाव घेऊन नमस्कार करतात, आणि नवख्या माणसाला पहिल्यांदा ते विचित्र वाटतं. तुमची पाळी आली तर "माझं नाव अमुक, आज मला फक्त ऐकायचंय" एवढं बोला आणि पुढच्याकडे बघा. कुणी आग्रह करत नाही. स्वतःला "मद्यपी" म्हणणं बंधनकारक नाही.

बोलायचंच असेल तर स्वतःबद्दल बोला. दुसऱ्याच्या बोलण्यावर सल्ला, प्रश्न किंवा शेरा मारणं म्हणजे क्रॉसटॉक, आणि एएच्या बहुतेक सभांत ते चालत नाही. स्मार्ट रिकव्हरीत उलट, संवाद अपेक्षित असतो. एकातून दुसरीकडे गेलेला माणूस इथे हमखास गोंधळतो: एएतली शांतता त्याला बेपर्वाई वाटते आणि स्मार्टमधले प्रश्न आगाऊपणा.

नवख्याची हमखास होणारी चूक म्हणजे तुलना. "याची नोकरी गेली, माझी अजून आहे", "हा सकाळी पितो, मी रात्रीच". दहा मिनिटांत माणूस स्वतःला निर्दोष सोडून मोकळा होतो. घटना वेगळ्या असणारच. बाटली कुठे लपवायची, घरच्यांना काय सांगायचं, उद्यापासून बंद असं किती वेळा ठरवलं, हे बोलणं सुरू झालं की कान द्या. नोकरी कुणाचीही गेलेली असो, तिथे तुमचं काहीतरी सापडतं.

मध्ये दारू सोडल्याचे टप्पे गाठणाऱ्यांना नाणं किंवा बिल्ला देतात: २४ तास, ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस, पुढे वर्ष. २४ तासांचं नाणं पहिल्याच दिवशी घेता येतं. शेवटी बहुतेक ठिकाणी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात. म्हणायची नसेल तर गप्प उभं राहिलेलं चालतं.

आणि गुप्ततेबद्दल एक गोष्ट, जी सभेत क्वचितच कुणी सांगतं. इथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही हा संकेत आहे आणि तो बहुतेक जण पाळतात. पण डॉक्टर किंवा वकिलाला असतं तसं कायद्याचं बंधन शेजारच्या खुर्चीवरच्या माणसावर नसतं. दारूच्या भरात घडलेला गुन्हा, चालू खटला, पैशांची अफरातफर असले विषय सभेत उघडू नका. ते वकिलाजवळ किंवा समुपदेशकाजवळ बोला.

सभा संपल्यावरची पंधरा मिनिटं

खुर्च्या सरकू लागतात, लोक दोघा-तिघांत उभे राहतात, आणि नवीन माणूस चपला शोधत दाराकडे निघतो. इथे थांबा. सभेत कितीही चांगलं बोलणं झालं असलं तरी रात्री अकरा वाजता उपयोगी पडणारी गोष्ट याच पंधरा मिनिटांत मिळते: फोन नंबर. काही गटांत सदस्यांच्या नंबरांची यादीच नवागताला देतात. नसेल तर तिघांना मागा. "मी नवीन आहे, तुमचा नंबर मिळेल का?" याला नाही म्हणणारा क्वचित भेटतो. पुरुषांनी पुरुषांचे आणि स्त्रियांनी स्त्रियांचे घ्यावेत हा जुना संकेत आहे. त्याचं कारण पुढे येईल.

त्या तिघांपैकी एकाला दुसऱ्याच दिवशी फोन करा, तलफ नसताना. "काल भेटलो होतो, नंबर बरोबर आहे ना बघत होतो." एका मिनिटात संपवा. हा फोन फालतू वाटतो, पण तो नंतरच्या फोनची वाट मोकळी करतो. ज्याला कधीच फोन केलेला नाही त्याला तलफेच्या वेळी पहिल्यांदा लावणं जवळपास कुणालाच जमत नाही. नंबर समोर असतो, बोट त्यावर जात नाही. तलफेची लाट बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरू लागते, तेव्हा फोनवर कुणाशी तरी तेवढा वेळ काढता आला की खूप झालं. आणि फोन पहिल्या पेल्याच्या आधी लावायचा. नंतर लावलेल्या फोनवर नुसतं रडगाणं होतं.

सहा सभा, मग मत

पहिल्या सभेनंतर "हे आपल्यासाठी नाही" वाटणं इतकं सर्रास आहे की त्यावरून काही ठरवू नये. सहा सभांना जा, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या गटांत, आणि मग ठरवा. एकाच संस्थेच्या दोन गटांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकात नोकरदार, दुसऱ्यात निवृत्त. एकात हशा, दुसऱ्यात गंभीर चेहरे.

एएत नवागताला ९० दिवसांत ९० सभा करायला सुचवतात. सगळ्यांना ते झेपत नाही. न झेपल्यामुळे "आपलं काही खरं नाही" म्हणून सोडून देण्यापेक्षा आठवड्याला तीन ठरवा आणि त्या चुकवू नका. त्यातला एक गट "होम ग्रुप", म्हणजे आपला नेहमीचा गट, म्हणून धरा आणि तिथे एक ठरावीक काम मागून घ्या: खुर्च्या लावणं, दार उघडणं, पुस्तकं मांडणं. किल्ली तुमच्याकडे असेल तर कंटाळा आलेल्या दिवशीही जावंच लागतं. तुम्ही दिसला नाहीत तर कुणीतरी फोन करतं, हा दुसरा फायदा.

स्पॉन्सर

बारा पायऱ्यांच्या गटात स्पॉन्सर म्हणजे एकास एक वाट दाखवणारा सदस्य. निवडताना पाहा: दारू सोडून किमान एक वर्ष झालंय का, त्याने स्वतः पायऱ्या केल्यात का, त्याचा स्वतःचा स्पॉन्सर आहे का, आणि फोन उचलतो का. शेवटचं दिसायला क्षुल्लक आहे, पण उत्तम बोलणारा आणि कधीच न उचलणारा स्पॉन्सर काही कामाचा नाही. ज्याच्याबद्दल शारीरिक आकर्षण वाटू शकेल अशी व्यक्ती टाळा. विचारायचं सरळ: "तुम्ही सध्यापुरते माझे स्पॉन्सर व्हाल का?" "सध्यापुरते" या शब्दाने दोघांनाही मोकळीक राहते. जमलं नाही तर बदलता येतो. त्यात गैर काही नाही.

स्पॉन्सरने पैसे उसने देऊ नयेत, लग्न-नोकरीचे निर्णय करू नयेत आणि औषधांबद्दल तर मुळीच बोलू नये. "खरा सोडलेला माणूस गोळ्या घेत नाही" असं म्हणणारा एखादा भेटतो. त्याचं ऐकून नैराश्याची किंवा फिटची औषधं परस्पर बंद करणं जीवावर बेतू शकतं. सदस्यांनी डॉक्टरकी करू नये हे एएच्या स्वतःच्या साहित्यातही सांगितलेलं आहे. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही तलफ कमी करायला मदत करणारी औषधं गटाबरोबर व्यवस्थित चालतात. डायसल्फिराम या गोळीवर दारू घेतली तर त्रास होतो, आणि तो शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. घरच्यांनी ही गोळी जेवणात लपवून देऊ नये. न कळवता दिलेली गोळी आणि वर दारू, यात रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो.

गट बिघडलेला कसा ओळखायचा

नव्या बाईभोवती किंवा नव्या पोराभोवती जुने सदस्य मदतीच्या नावाखाली घुटमळतात, याला एएत उपहासाने तेरावी पायरी म्हणतात. नंबर कुणाचे घ्यायचे तो संकेत यासाठीच. असं घडलं तर संचालकाला किंवा जुन्या, विश्वासाच्या सदस्याला सांगा आणि गट बदला. प्रकरण गुन्ह्यापर्यंत गेलं असेल तर पोलिसांत जा. निनावीपणाच्या संकेताने गुन्हा झाकायचा नसतो. एकाच माणसाचा शब्द चालणं, उसनवारी, सभेत वस्तू विकणं, किंवा "आमच्याशिवाय कुठे गेलात तर प्यालच" अशी भीती घालणं, यातलं काहीही दिसलं तरी यादीतला पुढचा गट बघा.

ऑनलाइन सभा

रात्रपाळी, आजारपण, लहान मूल किंवा ओळखीचा माणूस भेटायची भीती असेल तर ऑनलाइन सभा सोयीच्या पडतात, आणि जगाच्या कुठल्या ना कुठल्या भागात दिवसाचे चोवीस तास त्या चालू असतात. आत शिरण्याआधी स्वतःचं दिसणारं नाव तपासा. ऑफिसच्या खात्यातून शिरलात तर पूर्ण नाव, कधी कंपनीचं नावही पडद्यावर झळकतं. कानाला हेडफोन लावा, म्हणजे दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाणार नाही. पाठीमागे कुटुंबाचे फोटो नसू देत. कॅमेरा बंद चालतो, पण महिनाभर बंद ठेवून ऐकणाऱ्याला कुणी ओळखत नाही, आणि मग सगळा खटाटोप पुन्हा पत्त्याच्या चिठ्ठीसारखाच होतो. सभेनंतर पाच मिनिटं थांबून चॅटमध्ये नंबर मागा. शक्य असेल तर आठवड्यातून एक सभा समोरासमोर धरा.

घरच्यांसाठी अल-ॲनॉन १९५१ पासून आणि किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन १९५७ पासून आहे. पिणारा माणूस सभेला जायला तयार नसला तरी घरचे जाऊ शकतात, आणि त्यासाठी त्याच्या परवानगीची गरज नाही.

पुन्हा प्यायलं गेलं तर

एकदा घसरल्यावर माणूस गटाकडे फिरकत नाही, कारण नाणं घेतलेलं असतं, टाळ्या झालेल्या असतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी परतलेल्याचं प्रकरण बहुधा एका दिवसावर भागतं. महिनाभर तोंड लपवणाऱ्याचं महिनाभर चालतं. तीन-चार दिवस सलग पिणं झालं असेल तर आधी डॉक्टर. शरीर दारूतून बाहेर येण्याचा त्रास दर खेपेला वाढत जाऊ शकतो. गेल्या वेळी नुसते हात थरथरले म्हणून या वेळीही तेवढंच होईल असं धरून चालू नका. जीव द्यावासा वाटत असेल तर सभेची वाट बघू नका, तातडीच्या सेवेला फोन करा.

बाकी वेळी त्या तिघांपैकी एकाला फोन लावा. कारण, किती, कुणामुळे हे काही सांगायची गरज नाही. "परत प्यायलो. आज सातच्या सभेला येतोय, दारात भेटाल का?" सभेत दिवस पुन्हा एकापासून मोजायचे की नाही हा गटागटाचा प्रश्न आहे, एएत मोजतात, स्मार्टमध्ये त्यावर फारसा भर नसतो. खुर्च्या लावायच्या असतील तर पावणेसातला पोचा.